बुधवारचे तिघे

रस्त्यापासून चर्चच्या दारापर्यंत अकरा पायऱ्या होत्या. वर्षाच्या सुरुवातीला ताईला त्या चढायला एक मिनिट पन्नास सेकंद लागत. आज सातव्या पायरीवरच दोन मिनिटं होऊन गेली होती. धाकटी बहीण दारात सूचनाफलक वाचत असल्यासारखी उभी होती, पण नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. उभा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत गेलेला. मोजल्याशिवाय तिला राहवत नसे.

दोन्ही बाजूंना बँका आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती, मधे हे जुनं अँग्लिकन चर्च. आजूबाजूला आता राहतं कोण? रविवारी माणसं लांबून येत. बुधवारी दुपारच्या प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीला, मात्र तिघंच : समोरच्या गल्लीतला शिंपी, ताई आणि चर्चची वॉर्डन म्हणून व्यवस्था नि हजेरीची नोंदवही सांभाळणारी धाकटी. पाळकांखेरीज भाकर घेणारे निदान तिघं हवेत, नाहीतर प्रभुभोजन होत नाही, असा इथला जुना नियम. कमिटीने बजावून ठेवलं होतं, की बुधवार बंद पडला तर रविवार सोडून आठवडाभर दाराला कुलूप. मग डबा खाऊन इथे पाच मिनिटं गप्प बसायला येणाऱ्या कारकुनांनी जायचं कुठे?

ताईच्या लेकीने दुसऱ्या गावी तळमजल्यावरची खोली सहा महिन्यांपासून तयार ठेवली होती. "मावशी, आई तुझंच ऐकते. तूच सांग तिला," ती फोनवर म्हणे. मावशी म्हणे, "बघू."

"ये ना गं ताई, पाळक झगा घालून थांबलेत."

"थांबू देत. मी काय लिफ्ट आहे, बटण दाबलं की वर यायला?" असं म्हणत ताई सातव्या पायरीवर बसलीच.

धाकटी खाली उतरून शेजारी टेकली. ताईचं मनगट धरलं. नाडी एकशे सोळा. ओठांच्या कडा निळसर.

"इतका त्रास होतोय तर आलीस कशाला?"

"मी नाही आले की तू काय करतेस, ते पाहिलंय मी."

"काय करते?"

"मला ताप होता तो बुधवार आठव. नोंदवहीत तीन लिहिलंयस. तिसरा कोण, शेवटच्या बाकावर घोरणारा बँकेचा वॉचमन?"

धाकटीचे कान तापले. माणूस आत तर होता, अशी तिने त्या दिवशी स्वतःची समजूत घातली होती. भाकर घ्यायला तो उठलाच नाही, तरी पाळकही काही बोलले नव्हते. आणि शाळेत हीच धाकटी, एका मुलीने तापमानाचा आकडा शेजारणीच्या वहीतून उतरवला म्हणून तिला अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावणारी.

"तुला कधी कळलं?"

"पुढच्याच बुधवारी. तुझ्या हातून पुन्हा तसं लिहिलं जाऊ नये म्हणून येते, वेडाबाई. नाहीतर या पायऱ्यांची मला काय हौस आलीय?"

वरून शिंप्याने डोकं बाहेर काढलं. गळ्यात मापाची टेप तशीच. "येताय ना दोघी? गिऱ्हाइकाचा कोट एका बाहीवर सोडून आलोय."

चारच पायऱ्या उरल्या होत्या. काखेत हात घालून ताईला वर नेता आलं असतं. आजचा बुधवार निभावला असता, कदाचित पुढचाही. धाकटीने घड्याळाकडे पाहिलं, मग ते काढून पर्समध्ये टाकलं.

"पाळकांना सांगा," ती शिंप्याला म्हणाली, "आज आपण दोघंच आहोत. प्रभुभोजन नको, नुसती प्रार्थना करू. वहीतही दोनच लिहीन."

शिंपी थोडा घुटमळला, मान हलवून आत गेला. ताईची धाप अजून ओसरली नव्हती. धाकटीने तिचा हात सोडला नाही.

"ताई," ती म्हणाली, "तू लेकीकडे राहायला जा."