गोपीनाथचा नंबर

माझ्या धाकट्या सुनेला जुळ्या मुली झाल्या ते साल दोन हजार चोवीस. त्यांचं बारसं झालं त्याच आठवड्यात समितीने ठरवलं की बाळकुमच्या आमच्या कोळीवाड्याला माझी गरज उरलेली नाही.

माझं काम सांगाव्याचं. वाड्यात कुणी वारलं की सोयऱ्यांच्या दारात जाऊन सांगायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पाणी घ्यायचं नाही, आणि समोरच्याने ऐकलं हे डोळ्यांनी पाहिल्यावरच मागे फिरायचं. चाळीस वर्षं हे केलं. कोण कुठे राहतं ते लिहून ठेवायला हवं म्हणून पन्नाशीत अक्षरं शिकलो आणि वही केली.

समितीचा चिटणीस हितेश. चाळिशीचा बाप्या, घोडबंदरला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. त्याने सभेत समजावलं की वहीतली सगळी माणसं एका तक्त्यात भरायची. तो तक्ता दूर कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रात राहणार, त्याला क्लाऊड म्हणायचं. दुसऱ्या कंपनीचं ऑटोमेशन त्याला जोडायचं. ते तक्त्यावर नजर ठेवणार, आणि कुणाच्या नावापुढे मृत्यूची तारीख पडली की त्याच्या सोयऱ्यांना आपोआप व्हॉट्सॲप जाणार. समितीने टाळ्या वाजवल्या. मरणाच्या बातमीसाठी टाळ्या वाजवणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

ही दोन यंत्रं जोडायला त्याला सहा आठवडे लागले. एका यंत्राने दुसऱ्याला ओळखावं म्हणून भली लांब किल्ली असते, आकड्या-अक्षरांची. ती रोज चुकायची. अखेर जुळलं तेव्हा त्याने पेढे वाटले. मला शुगर आहे असं मी सांगितलं. मला शुगर नाही.

नावं भरताना मी वाचायचो, तो टाइप करायचा.

“गोपीनाथ, राहणार मोहने. फोन नाही,” मी वाचलं.

गोपीनाथ म्हणजे आमच्या शेजारच्या शांतावहिनींचा धाकटा भाऊ. रेयॉनच्या कारखान्यात होता, आता तिथल्याच चाळीत एकटा राहतो.

“फोन नाही असं चालत नाही, दामाजीकाका. नंबर टाकल्याशिवाय पुढे जातच नाही ते.”

“मग त्याला फोन घेऊन दे.”

तो हसला आणि खिडकीतून वहिनींना हाक मारली. वहिनी अंगणात सुकट निवडत होत्या. भावाचा नंबर काय लिहू, असं त्याने विचारलं.

“माझाच टाक रे,” त्या म्हणाल्या. “दर मंगळवारी जातेच ना मी त्याच्याकडं. त्याला जे काय सांगायचं ते मीच सांगते.”

हितेशने टाकला. तक्त्यावर हिरवी खूण आली. यंत्र खूश, हितेशही खूश.

मला तेव्हाच दिसलं होतं. आमच्यात बाईला माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय उचलत नाहीत, आणि वहिनींचं माहेर म्हणजे एकटा गोपीनाथ. त्यांच्या मरणाची बातमी त्यांच्याच फोनवर येणार होती. हे कळायला क्लाऊड लागत नाही. पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं होऊ दे, चारचौघांत या शहाण्याचं तोंड कसं होतं ते बघू.

पुढच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी पहाटे वहिनी झोपेतच गेल्या. मी सदरा चढवला तोवर हितेश दारात.

“काका, बसा तुम्ही. दोनशे बारा मेसेज, सगळे डिलिव्हर्ड.”

मी बसलो. मुद्दाम बसलो.

माणसं आली. गोपीनाथ आला नाही. निघाला असेल, मेसेज तर पोचलाय, असं म्हणत दोन वाजले. मग हितेशने त्याला मेसेज पुन्हा पाठवला. फळीवर, वहिनींच्या डोक्याशी, त्यांचाच फोन वाजला. त्यांची नात भाविका उठली, आणि कुणीतरी दुखवट्याचं लिहिलं असेल म्हणून मोठ्याने वाचू लागली.

“आदरणीय गोपीनाथजी, कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपली भगिनी शांताबाई…”

ती थांबली. वर सकाळचाही तसलाच मेसेज होता.

सगळे हितेशकडे बघू लागले. तो म्हणाला, “टेक्निकली मेसेज गेलेला आहे.”

सहा महिने ज्यासाठी थांबलो ते तोंड समोर होतं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पाचला खाडीची भरती, स्मशानाच्या वाटेवर पाणी येतं. मोहन्याला जाऊन येईपर्यंत थांबता येणार नव्हतं. हितेशने फोनवरून लुगडं मागवलं. पंधरा मिनिटांत प्लास्टिकच्या पिशवीतून आलं, आत ‘पुन्हा भेट द्या’ अशी चिठ्ठी. भाविकाने ती चुरगाळून हितेशच्या हातात दिली. तेच लुगडं नेसवलं. मी खांदा दिला नाही. मोहन्याला जायला आंबिवलीची गाडी धरली.

गोपीनाथ दारातच बसला होता. मंगळवार होता. आत दोघांचा भात झाकून ठेवलेला दिसत होता. मी उंबऱ्याबाहेर थांबलो, आत गेलो नाही, तेवढ्यावरून त्याला कळलं. तो आत गेला आणि ट्रंकेतून हिरवं लुगडं घेऊन आला. घडी मोडलेली नव्हती.

“चल,” तो म्हणाला. “थांबलेत ना?”

“उचललं.”

“नेसवलं काय मग?”

“हितेशने मागवलं.”

“तू सकाळपासून कुठं होतास, दामाजी?”

क्लाऊडचं, नंबराचं, हितेशचं सगळं सांगणं जिभेवर होतं. हितेश मूर्ख होता, पण त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

“घरी बसलो होतो,” मी म्हणालो.

त्याने लुगडं ट्रंकेत परत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

हितेशबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. त्याने आता ‘पर्यायी नंबर’ असा नवा रकाना केला आहे आणि त्यालाही टाळ्या पडल्या. माझं नाव भरायला तो आला तेव्हा मी त्याला हाकललं. वही अजून माझ्याकडे आहे, पण मी ती घेऊन कुणाच्या दारात जात नाही. तिच्यातली शेवटची नोंद माझ्या हातची आहे. शांताबाई, राहणार बाळकुम, मंगळवार दिनांक १८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे वारल्या.