मधलं मॉडेल

"हो, आत्ता ताब्यातच घेतोय. मीच बघून दिली. तिला काय कळतंय त्यातलं!" दादा शोरूममध्ये उभा राहून मोबाइलवर मोठ्याने बोलत होता.

चिमी ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स ती. उंची जेमतेम चार फूट नऊ इंच, म्हणून घरात लहानपणापासून चिमीच. महिन्यापूर्वी टेस्ट ड्राइव्हला तिने सीटच्या बाजूची दांडी चारदा ओढली, सीट वर आली आणि समोरचा रस्ता लख्ख दिसला. तिथेच ती म्हणाली होती, "हीच हवी."

मग दादाने सूत्रं हातात घेतली. "बेस मॉडेल म्हणजे पत्र्याचा डबा. टॉप म्हणजे नुसती उधळपट्टी. मधलं घ्यायचं." सेल्समननेही मान डोलावली होती. "मधल्यात सगळं तेच आहे मॅडम. फक्त अलॉय व्हील्स आणि मोठा स्क्रीन नाही."

आता गाडीवरचं कापड ओढलं गेलं. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिमी आत बसली आणि तिचा हात आपसूक सीटच्या बाजूला गेला. तिथे गुळगुळीत प्लास्टिक होतं. तिने पुन्हा चाचपडून पाहिलं. समोर स्टिअरिंग, त्यामागे डॅशबोर्डची काळी कड, आणि पुढे थेट भिंतीची वरची बाजू. पट्टा लावला तर तो खांद्यावर न बसता मानेला घासत होता.

"सीट वर करायची दांडी कुठे आहे?"

सेल्समनने माहितीपत्रक उलगडलं. तीन मॉडेलांचे तीन रकाने. त्याचं बोट सीटच्या उंचीच्या ओळीवरून सरकत गेलं. बरोबरची खूण फक्त शेवटच्या रकान्यात होती. त्याचा चेहरा उतरला. "मला... मला वाटलं यातही असते."

"एवढंच ना? उशी घे एक," दादा म्हणाला. "कर सही. उशीर होतोय."

"दादा, मागच्या वर्षी मी सहा महिने एका बाईंकडे जात होते. त्या उशीवर बसूनच गाडी चालवायच्या. जोरात ब्रेक लागला, उशी सटकली आणि बाई पट्ट्याखालून घसरल्या. अजून उठून बसता येत नाही त्यांना. मी सही करणार नाही."

टाळ्या वाजवणारे आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मॅनेजर आला. आवाज गोड, पण हातात पेन तयार. "मॅडम, बुकिंगवर सही तुमचीच आहे. नोंदणीचे कागद तासाभरात निघतील. उंचीचं काय, सवय होते. आमच्या या मॅडम बघा, तुमच्याएवढ्याच आहेत. रोज गाड्या हलवतात." त्याने पावत्या करणाऱ्या बाईला हाक मारली. "बसून सांगा बरं यांना. दिसतं ना नीट?"

बाई येऊन बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तिने समोर पाहिलं. चिमीने आशा सोडली. या बाईची नोकरी इथली. ती कशाला वाकडं बोलेल?

"सांगा की," मॅनेजर म्हणाला.

"साहेब, मी टेस्ट ड्राइव्हची गाडी हलवते, ती टॉप मॉडेल आहे. तिच्यात सीट वर घेते." बाईचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "ही मी कधीच हलवत नाही. ड्रायव्हरला सांगते. यातून मला धड दिसत नाही."

मॅनेजरने पेन खिशात ठेवलं. मग सेल्समनला म्हणाला, "कागद थांबवा. मॉडेल बदलायचा फॉर्म आणा."

टॉप मॉडेलला सात आठवडे लागणार होते. दादा ताडकन बाहेर गेला. चिमी पावत्यांच्या टेबलाशी गेली, पण बाईने मान वर केली नाही. पावती फाडता फाडता पुटपुटली, "वरच्यात पट्टाही खाली सरकवता येतो. घेताना तेवढं बघून घ्या."

दादा पायऱ्यांवर उभा होता. "चार लोकांत माझी शोभा केलीस."

"गाडी मला चालवायचीये, दादा."

दादाने खिसा चाचपून चष्मा काढला. मग आत जाऊन तेच माहितीपत्रक घेऊन आला, पायरीवर बसला आणि चष्मा नाकावर चढवला. "ये, बस इथे. वरपासून वाच. एकही ओळ सोडू नकोस."

ती वाचू लागली. सातव्या ओळीला त्याने तिला थांबवलं. "मागचा वायपरही मधल्यात नव्हता?"

"नव्हता."

"हात्तिच्या!" दादा म्हणाला आणि कानाची पाळी चोळत राहिला.