चांद्यानं अंग झाडलं

बोकड काही केल्या अंग झाडेना. गावदेवीसमोर उभा, गळ्यात झेंडूची माळ, आणि गडी ती माळच खात सुटलेला! भगतानं पाणी शिंपडून शिंपडून तांब्या रिकामा केला. पाणी पडल्यावर बोकड थरथरला तर देवीनं तो घेतला. नाही थरथरला तर सुरी लावायची नाही. कळव्यातले आगरी पिढ्यान्‌पिढ्या हेच पाळत आलेले.

ठमाबाईचा जीव टांगणीला लागला. घरी जया, तिची एकुलती एक लेक, मुदतीच्या तापानं फणफणली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं देवीला रक्ताचा नवस केला. जिवाला जीव, बस्स. आणि दावणीला बोकड एकच, चांद्या. जयानंच दूध पाजून वाढवलेला.

"उद्या बघू, ठमे," भगत म्हणाला.

उद्या! त्या मेल्याचं काय जातंय? तो तांब्या भरायला वळला, तशी ठमाबाई पुढे झाली. चांद्याला कुरवाळल्यासारखं करून शिंपडण्यात भिजलेल्या पदराचं पाणी तिनं हळूच त्याच्या कानात पिळलं. चांद्यानं अस्सं अंग झाडलं की शिंतोडे भगतापर्यंत उडाले.

"घेतला! देवीनं घेतला!" लोक ओरडले.

सुरी फिरली. ठमाबाईनं ते रक्त घरी आणून उंबऱ्याला लावलं, जयाच्या कपाळाला लावलं.

"आये, चांद्या का ओरडत नाय?" जयानं विचारलं.

आठवडा उलटायच्या आत जया गेली.

दहाव्यानंतर कैतान आला. ठाण्याचा ख्रिस्ती, ठमाबाईच्या नवऱ्याबरोबर मिठागरावर राबलेला. नवरा वारला तरी त्यानं येणं-जाणं सोडलं नव्हतं.

"वहिनी, आमच्या ग्रंथातही पूर्वी कोकरं कापायचे, दाराला रक्त फासायचे," तो म्हणाला. "मग देवाच्या लेकानं स्वतःचं रक्त दिलं, सगळ्यांसाठी, एकदाच. तेव्हापासून कुणाचं नको."

ठमाबाईनं मान वर केली. "तो कबूल होता?"

"आदल्या रात्री घाम फुटलेला त्याला. बापाला म्हणाला, टळत असेल तर टाळ. मग कबूल झाला."

"आपल्या मनानं?"

"आपल्या मनानं."

"नक्की ना, भाऊ? कोणी कानात पाणी नव्हतं घातलं?"

मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

"देव असा सूड घेत नाय, वहिनी."

"मग माजी पोर कोणी नेली?"

ठमाबाई उठली आणि पाणी ओतून उंबऱ्यावरचं काळं पडलेलं रक्त घासायला लागली. पाणी अंगावर उडालं, तशी ती नखशिखांत थरथरली.

"झाडलं बघ अंग!" ती देवळाकडे तोंड करून ओरडली. "आता घे ना मला!"