फसलेल्या पासचा धनी

घोकंपट्टी करून आलेल्या पोरांचा वर्न स्टाटमिलरला मनस्वी तिटकारा होता. सत्तावीस वर्षं तो अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजातले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारे खेळाडू, पारखत होता, आणि हल्ली एजंट त्यांना पोपटासारखं पढवूनच मुलाखतीला पाठवायचे.

आज हॉटेलच्या खोलीत मुलाखतीसाठी समोर कोल्बी थ्रेडगिल नावाचा क्वार्टरबॅक बसला होता. वर्नने पडद्यावर एक फसलेला पास लावला. चेंडू थेट विरोधी खेळाडूच्या हातात गेला.

"चूक कोणाची?"

"माझीच, सर. मी सहकाऱ्यांना दोष देत नाही."

शेजारी बसलेले मुख्य प्रशिक्षक खूश झाले. "बघ वर्न, केवढी समज आहे. याला पहिल्याच सामन्यात उतरवू."

"उतरवा की," वर्न म्हणाला आणि पोराकडे वळला. "बाळा, त्या सामन्यात तू खांदा निखळून बाकावर बसला होतास. हा तुझ्या जागी आलेला राखीव गडी आहे. पाठीवरचा आकडा तरी वाचायचास, शाळेत गेला होतास ना?"

कोल्बीने पडद्याकडे पाहिलं, मग प्रशिक्षकांकडे, आणि तो ताठ बसला.

"आकडा वाचला नाही, ही चूकही माझीच, सर."

प्रशिक्षकांनी वहीत 'जबाबदारी घेतो' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.