टेबलाची कात

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पंख्याखाली झोपवलेल्या एका शिंप्याच्या पोटरीवरून कातबाबांनी गुलाबी पापुद्रा चिमटीत धरून अलगद ओढला आणि उंच धरला. त्यावर त्वचेच्या बारीक रेघा होत्या, केससुद्धा चिकटलेले होते.

"साप कात टाकतो, तसा या देहानं रोग टाकला!" बाबा गरजले. "डॉक्टर जखम झाकतो, आम्ही सोलतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धन्य ते सोलणारे आणि धन्य ते सोलून घेणारे!

धाकटी मागे दातओठ खात उभी होती. ती प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवायची, आणि इथे पुढची पाळी तिच्या आईची होती. घरच्या इस्त्रीच्या दुकानात आईच्या नडगीवर गरम इस्त्री पडली होती. भाजल्याची साधी जखम, पण दादा तिला इथे आणायला लागल्यापासून ती खोलच होत चालली होती.

धाकटीने घरी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "आई, नुसत्या थाळीत पेशी टाकल्या तर त्या मरतात गं. आधी थाळीला प्रथिनांचा लेप द्यावा लागतो, मग त्याला धरून त्या वाढतात. जखमेतही शरीर पेशींच्या बाहेर प्रथिनांचं जाळं विणतं. कडेच्या पेशी त्यावरून सरकत मध्ये येतात. बाबा दर वेळी ते जाळंच उपटतो!"

"तुझं खरं असेल बाई," आई म्हणाली होती, "पण दादा एवढ्या मायेनं नेतो."

आता मात्र धाकटीला राहवेना. बाबा आशीर्वाद वाटण्यात गुंग होते. रोग्यांच्या अंगाला फासायच्या लेपाची त्यांची वाटी तिने पुढे जाऊन उचलली आणि आतला लेप शेजारच्या लाकडी टेबलावर फासला. "कोण ही? बाजूला व्हा!" असा गलका होईपर्यंत पंख्याच्या वाऱ्याने लेप वाळलाही. तिने तो सोलून वर धरला. लाकडाची रेघ न् रेघ त्यावर उमटली होती.

"हा सरस आहे, सरस! जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला, वर गुलाबी रंग. जिथे लावाल तिथली नक्कल निघते. रोगबिग काही निघत नाही!"

बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि हात जोडले. "पाहिलंत? लाकडातली पीडासुद्धा निघाली!"

पुन्हा टाळ्या! धाकटीला रडावं की हसावं कळेना. दादाने तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. "घरची अब्रू घालवलीस!" दार लागलं आणि आत आईला पंख्याखाली झोपवलं.

पुढे जखमेतला पू हाडापर्यंत गेला. सर्जनने गुडघ्याखालून पाय काढला.

धाकटी उशाशी बसली होती. आई छताकडे बघत म्हणाली, "टेबलाची कात निघाली ना, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग उठली का नाहीस गं?"

"सगळे टाळ्या वाजवत होते. एकटी कशी उठू?"

वाचकहो, लबाडी उघडी पडायला एक टेबल पुरतं. पण ती कळल्यावर तुम्ही हात आवरा आणि सरळ उठून उभे राहा. शेजारच्या खुर्चीत कुणाची तरी आई बसलेली असते, आणि ती तुमच्याकडे बघत असते.