असेल कुणीतरी

मार्च लागला, उन्हं तापली आणि शर्यतींचा हंगाम संपला. पूर्णा गावातल्या गोदामात कामाला असलेल्या, हौसेने पळणाऱ्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यावर हेमालीने फर्मान काढलं: प्रत्येकीने हंगामातला आपला सगळ्यात आनंदाचा क्षण सांगायचा. हेमाली गोदामाच्या ऑफिसात भरतीचं काम बघते, कल्याणहून येते. वयाने लेकीसारखी, पण ग्रुप तिनेच काढलेला, म्हणून तिचा शब्द सगळ्या पाळतात. कुणी गळ्यात पदक पडलं तो क्षण सांगितला, कुणी शर्यतीनंतर खाल्लेली मिसळ. संघरत्ना मात्र फोन हातात घेत होती आणि ठेवत होती. आपला आनंदाचा क्षण कोणता ते तिला पक्कं ठाऊक होतं. पंचाईत एवढीच, की तो सांगायचा तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

संघरत्ना पंचेचाळिशीला टेकलेली, पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता ती कधी पळायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. राहनाळच्या रस्त्यावर सकाळी कंटेनरवाले खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "चाची, कौन पीछे पडा है?" मागे खरंच कुणीतरी असायचं. तिचा नवरा राघो, मोपेडवर, पायांत पाण्याची बाटली धरून, कंटेनर आणि बायको यांच्या मधोमध.

राघो कापडाच्या लूमवर जॉबर. म्हणजे लूम बिघडला की खोलून नीट करणारा. उभा जन्म त्या खडखडाटात गेल्यावर कान कुठले राहणार? शेडमध्ये सगळे लूम चालू असले की माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथे बोलणं चालतं हातांनी आणि ओठांनी. अंगठा ओठाला लावला की चहा. चिमटीने हवेत काही ओढून तोडलं की धागा तुटला, लूम थांबव. मिशीला पीळ दिला की शेठ आला, मग शेठला मिशी असो नसो. राघोचे कान गेले तशी ही शेडमधली बोली घरात आली आणि संघरत्नाही ती शिकली. पुढे पुढे त्यांची भांडणंसुद्धा बिनआवाजी व्हायला लागली. समोर राहणाऱ्या नामाच्या बायकोला याचं फार वाईट वाटे, कारण तिला काहीच ऐकायला मिळत नसे.

पहिली शर्यत ठाण्याला होती. निघताना राघोने उंबऱ्याशी बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. लूमवर तुटलेला धागा जोडतात तशी बारीक, चपटी गाठ. सुटायचं नाव नाही. घरी आल्यावर त्यालाच ती सोडवावी लागे.

तिथे ढोलताशा, लाउडस्पीकर, नाचणारी पोरं. त्या भरात संघरत्ना पोरींच्या बरोबरीने सुसाट सुटली आणि दुसऱ्या वळणाला छाती फुटायची वेळ आली. बघते तर डिव्हायडरच्या पलीकडे राघो उभा. दोन्ही तळवे खाली दाबून त्याने बोटं सैल सोडली. ताण ढिला कर. ताण्याचा धागा फार ओढून धरला की तुटतो, हे लूमवर कुणाला सांगावं लागत नाही. तिने ढिला केला. पुढच्या चौकात हा मोपेडने आधीच हजर, अंगठा ओठाला लावून. पळता पळता तिला हसू फुटलं. एवढ्या गोंगाटात कुणाला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. बोलत होती ती फक्त ही दोघं.

हाच तो क्षण.

मग हंगाम रंगात आला. संघरत्नाचा वेग वाढला, ग्रुपने नारिंगी टीशर्ट शिवून घेतले, आणि हेमालीच्या मैत्रिणी, ज्यांच्या मनगटावर घड्याळं आणि डोळ्यांवर गॉगल, त्यांच्या खांद्याला खांदा लावून ती पळू लागली. सगळ्या तिला मॅम म्हणत. घरात आणि शेजारात तिला कुणी कधी मॅम म्हटलं नव्हतं. हा शब्द साखरेसारखाच असतो, अंगात भिनलेला कळत नाही.

कल्याणच्या शर्यतीला राघो रात्रपाळी करून थेट तिथेच आला. भुवयांवर कापूस, केसांत कापूस, बनियनवर तेलाचे डाग. तिचा डावा पाय वाकडा पडतोय हे त्याने लांबूनच हेरलं. चिमटी करून हवेत ओढली. धागा तुटतोय, थांब. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेव्हा तो डिव्हायडरवर चढला आणि सगळं अंग हलवून तेच सांगायला लागला.

"देखो, बिना सिग्नल का हवालदार," एक पोरगी म्हणाली. सगळ्या हसल्या.

हेमालीने आपलं साधेपणाने विचारलं, "मॅम, तुम्हालाच हात करतायत का? ओळखीचे आहेत?"

"नाही गं," संघरत्ना म्हणाली. "असेल कुणीतरी."

राघोचे हात हवेतच थांबले. मग त्याच हातांनी तो केसांतला कापूस झटकू लागला. माणूस थकलाय, असं संघरत्नाला वाटलं. ती पुढे गेली.

पोटरी भरायची ती भरलीच. आठवडाभर संध्याकाळी राघो तेल कोमट करून तिचा पाय चोळत बसे. सांगितलं होतं तुला, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. वसईच्या शर्यतीला त्याला डबल ड्युटी लागली. त्याच्या पुढच्या वेळी मोपेडची बॅटरी उतरली. खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला बरंच वाटलं. नाड्या मात्र तो दर वेळी बांधून द्यायचा.

कळलं ते एका संध्याकाळी, भाकऱ्या करताना. राघो टीव्ही बघत होता, आवाज बंद ठेवून. त्याला ऐकू येईल इतका मोठा केला तर अख्खी चाळ दारात येते, म्हणून वर्षानुवर्षं तो तसाच बघतो. मालिकेत लांब कुठेतरी दोन बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या आणि राघो खुदकन हसला. भाकरी थापता थापता संघरत्नाचा हात थांबला. रस्त्याच्या पलीकडून ओठ वाचणारा माणूस. इतकी वर्षं त्याच्याशी संसार केला आणि नेमकं कल्याणच्या त्या सकाळी ती हे विसरली होती. रोजच्या वापरातली वस्तू दिसेनाशी होते, तसं काहीसं. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा ती भानावर आली.

शेवटची शर्यत नव्या मुंबईला होती. राघो खाली बसून नाड्या बांधत होता. तिने विचारलं, "येताय ना आज?" पण त्याची नजर गाठीवर होती. तिने खांद्याला हात लावला, त्याने वर पाहिलं, तिने पुन्हा विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

त्या दिवशी ती हंगामातलं सगळ्यात चांगलं पळाली. प्रत्येक डिव्हायडर नजरेने धुंडाळत गेली. प्रत्येक डिव्हायडरवर कुणीतरी होतं. टाळ्या वाजवत होतं, संत्र्याच्या फोडी पुढे करत होतं, ओरडत होतं. सगळीकडे कुणीतरीच होतं.

आनंदाचा क्षण विचारणारा हेमालीचा तिसरा निरोप आला त्या संध्याकाळी विहारातली वंदना आटोपून दोघं ओट्यावर बसली होती. संघरत्नाने फोन बाजूला ठेवला. राघोच्या खांद्याला हात लावला आणि त्याने आपल्याकडे बघेपर्यंत वाट पाहिली. ज्याच्याशी बोलायचं त्याने आधी बघायला हवं, ही या बोलीतली मोठी अडचण.

"कल्याणला मी जे बोलले, ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"कल्याणला? मला न्हाय आठवत."

"अहो, चुकलं माझं."

तो बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"थंडीत परत सुरू होतील शर्यती," ती म्हणाली. "याल? पहिल्यासारखे?"

राघोने ओट्याच्या फरशीवरून बोट फिरवलं.

"मला आता लांबचं दिसत न्हाय गं," तो म्हणाला. "उगाच तू बघशील का कुणी हाय, आन् मी बघत असंन भलतीकडं."

एवढ्यात समोरच्या चाळीत, पार वरच्या मजल्यावर, नामा खिडकीत येऊन उभा राहिला. तोही लूमवरचाच. हाक न मारता त्याने नुसते ओठ हलवले. राघोने मान वर केली, क्षणभर पाहिलं आणि अंगठा ओठाला लावला. ये खाली, चहा घेऊ.

मग त्याच्या लक्षात आलं. अंगठा ओठावरच राहिला. त्याने संघरत्नाकडे पाहिलं नाही.

ती उठली. नामा जिना उतरून येईपर्यंत चहाला उकळी यायला हवी होती. डोळे एकदा तपासून घ्या, असं काही ती म्हणाली नाही. तीन कप काढले आणि आधण ठेवलं.