चि. कर्दनकाळ

कर्दनकाळ पहिल्याच अंकात मरणार होता. मी त्याला तसाच लिहिला होता, तसाच काढला होता आणि शेवटच्या पानावर त्याच्या अंगावर अख्खा कडा पाडून मोकळी झाले होते. तो वाचला तो आमच्या बिराप्पामुळे.

सांगलीत धरणेंद्रशेठचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. लग्नसराई संपली की यंत्र धूळ खात पडायचं, म्हणून चौऱ्याण्णव साली शेठनी मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढलं आणि ते माझ्या गळ्यात मारलं. मी पत्रिकांवर गणपती आणि कलश काढायची, म्हणजे राक्षसही काढीनच, असा त्यांचा विचार. नायक होता शौनक, गोरागोमटा आणि अतिशय कंटाळवाणा. खलनायक कर्दनकाळ. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापायचं होतं, ‘कर्दनकाळ याचा शेवट’. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला बसला बिराप्पा. सगळी लग्नसराई प्रत्येक नवरदेवाच्या नावाआधी ‘चि.’ लावून त्याचा हात असा बसला होता, की अंक छापून आला तो ‘चि. कर्दनकाळ याचा शेवट’ असा.

मी त्याच्यावर खूप चिडले. त्याने शांतपणे शाईचे हात पुसले आणि विचारलं, "का? त्येला काय आईबाप न्हाईत व्हय?"

अंक तोवर दुकानांत गेले होते. मग फलटणच्या एका शाळकरी मुलीचं पोस्टकार्ड आलं. चि. म्हणजे चिरंजीव, चिरंजीव म्हणजे ज्याला मरण नाही, मग त्याचा शेवट कसा झाला, असा तिचा रोखठोक सवाल होता. शेठ खूश झाले. म्हणाले, "उमाताई, बरोबर आहे तिचं. तो अमर आहे. काढा त्याला ढिगाऱ्यातून बाहेर."

काढला. त्यानंतर तो दर महिन्याला बुडायचा, जळायचा, दरीत पडायचा आणि पुढच्या अंकात मिशा झटकत हजर व्हायचा. मुलांना तो शौनकपेक्षा कितीतरी जास्त आवडायचा. मलाही, खरं सांगायचं तर.

त्या मिशा माझ्या मामांच्या होत्या. लालासाहेब मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहायचे. जाड भुवया, ओठांवरून खाली उतरलेल्या मिशा, आणि समोरचा माणूस रांगेतून बाहेर उभा आहे अशी नजर. दुष्ट माणूस काढायला बसले की हात आपोआप तिकडे वळायचा. आपल्याला विचारलं नाही म्हणून मामा रागावतील असं मला वाटलं होतं. पण न्हाव्याच्या दुकानात अंक बघून त्यांनी मुद्दाम निरोप धाडला, "नाक बारीक आलंय, तेवढं बघ." गल्लीत त्यांना सगळे कर्दनकाळ म्हणू लागले आणि ते ओ देऊ लागले.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, मिरजेला ऑपरेशन करायचं ठरलं. मामा आणि साळूमामी आमच्याकडे सांगलीत राहायला आले. ज्या माणसाने लढाई पाहिली होती, तो दिवसभर ओट्यावर बसून चष्मा पुसत राहायचा. जेवणावरचं मन उडालं होतं. कुणी ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जायचे. मामी म्हणायची, "काय हुतंय त्यास्नी, लोकं रोज करून घेत्यात," आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

एकदा मी चित्रं काढत बसले होते तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. कागदावरच्या कर्दनकाळावर बोट ठेवलं.

"उमे, ह्येला मारनार न्हाईस न्हवं?"

"कसा मारणार, मामा? अमर आहे तो."

"व्हय, पर कशापायी अमर हाय त्ये कुटं सांगितलंस? नुसतं छापून हुतंय व्हय? कुनी वर दिला, कवा दिला, कायतरी पायजे का न्हाई?" मग खाली बघत म्हणाले, "ऑपरेशनच्या आदी लिव्ह. लय इचार करू नगंस, आपलं सहज म्हनलं."

सहज कसलं? सुभेदार लालासाहेब घाबरले होते आणि ते त्यांना कुणाजवळ बोलता येत नव्हतं. त्यांचा चेहरा घेऊन फिरणारा तो कागदावरचा माणूस जगणार आहे, एवढी खात्री त्यांना हवी होती. ती देणं माझ्या हातात होतं, म्हणून मी सगळी कामं बाजूला सारून कर्दनकाळाचा जन्म लिहायला घेतला.

बिराप्पाचा प्रश्न डोक्यात होताच. कर्दनकाळाची आई मी शोधून काढली. तिची आधीची मुलं पाळण्यातच गेलेली. या मुलासाठी ती डोंगरावरच्या देवीपुढे बसून राहिली आणि देवी प्रसन्न झाल्यावर आईने मागितलं, याला मरण नको. देवीने दिलं. स्वतःसाठी, सुनेसाठी, नातवंडांसाठी मागायचं मात्र बिचारीला सुचलंच नाही. मग कर्दनकाळाची आई गेली. बायको गेली. मुलं त्याच्यादेखत म्हातारी झाली आणि गेली. त्याला ‘अरे’ म्हणणारं कुणी उरलं नाही. शेवटी त्याने एका राजाचा खजिना लुटला, म्हणजे निदान भांडायला तरी कुणी दारात येईल. तेव्हापासून तो दुष्ट झाला.

लिहिताना मी स्वतःवर फार खूश होते. मामांना अमर करून दाखवलं, बस्स, या एकाच नादात होते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मिरजेला दवाखान्यात पानं घेऊन गेले. मामी खाटेशेजारी बसून मोसंबं सोलत होती. मामांनी एकेका चौकटीवर बोट ठेवत वाचायला घेतलं. वर मिळाला तिथे मान डोलावली. पुढे एका पानावर बोट थांबलं ते हलेचना. कर्दनकाळ बायकोला अग्नी देत होता त्या पानावर. रागीट पण मायाळू बाई काढायची म्हटली की माझा हात मामीकडेच जातो. नाक, चमकी, कपाळावरचं ठसठशीत कुंकू, सगळं साळूमामीचं आलं होतं, आणि हे मला आत्ता दिसत होतं.

मामांनी पानावरून नजर उचलली आणि मोसंबं सोलणाऱ्या मामीकडे बघितलं.

"म्हंजी ही आदी जाती?"

"गोष्ट आहे, मामा."

"आन् मी एकलाच ऱ्हातो. कवापातूर?"

"कायमचे," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी पानं नीट जुळवली आणि माझ्या हातात दिली. "न्हाई गड्या. ह्ये आपल्याला न्हाई जमायचं. मार त्येला."

"उद्या ऑपरेशन आहे, आणि असलं काय बोलता? मी नाही मारणार."

"अगं, उद्याच मार म्हनत न्हाई," मामा हसले. ते हसलेले मी किती दिवसांनी बघत होते! "त्येची येळ आली की मार. कवातरी मरायचं हाय म्हनून मी उगाच झुरत हुतो. कवाच मरायचं न्हाई, ह्ये त्याच्याहून वंगाळ हाय की." मग मामीकडे हात पसरला. "ए, आन ती फोड हिकडं."

मोसंबं संपवून ते गाढ झोपले. मामी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली आणि मला खुणेने विचारत होती की असं काय दाखवलंस. मी पानं पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. डॉक्टर बाहेर येऊन, झडप छान बसली, म्हणाले तेव्हा जीव भांड्यात पडला. मामी आधी रडली, मग त्या डॉक्टरांच्या पाया पडायला निघाली, मग म्हणाली की आता मात्र भूक लागली. मी तिला खाली कँटीनमध्ये नेलं. दोन प्लेट उप्पीट आणि त्यावर भजी खाल्ली तिने. मीही खाल्ली. इतकं चवदार उप्पीट मी कधी खाल्लं नव्हतं, आणि ते करपलेलं होतं.

मामांना भेटू दिलं ते ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. नळ्यांच्या जंजाळात मिशा तेवढ्या ओळखू येत होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि खरखरत विचारलं, "मेला का?"

मामी दचकली. "कोन वं?"

"कर्दनकाळ, मामी," मी म्हणाले. "नाही, मामा. जाईल सावकाश. म्हातारा होऊन, आपल्या घरात, सगळ्यांमध्ये."

"झ्याक," मामा म्हणाले. मग मान जराशी वळवून त्यांनी मामीला शोधलं. उभ्या संसारात त्यांनी तिला जे कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं, ते विचारलं. "तू जेवलीस का?"

मामी त्याही सकाळी माझ्याबरोबर कँटीनमध्ये चांगली पोटभर जेवली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमची वाट बघत हुते."